दंड संपला, मुखपट्टीचे काय?

विमान प्रवासातील मुखपट्टीची सक्ती उठली आणि निर्णयाचा भार सरकारकडून नागरिकाच्या खांद्यावर आला. तो पेलण्याची तयारी आपण करून घेतली आहे काय?

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीहून गुवाहाटीला निघालो, तेव्हा विमानातील नेहमीच्या उद्घोषणेत एक वाक्य बदललेले होते. तोपर्यंत मुखपट्टी न लावणाऱ्या प्रवाशावर कारवाई होईल, असे बजावले जात असे. आता मुखपट्टी लावणे श्रेयस्कर आहे, एवढेच सांगण्यात आले. नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी विमान कंपन्यांना तसे कळवलेच होते : मुखपट्टीची सक्ती नाही आणि उद्घोषणेत दंडाचा किंवा कारवाईचा उल्लेखही नको. ते वाक्य संपण्याच्या आत माझ्या पुढच्या रांगांमधील हात आपोआप कानांकडे गेले. कुणी मुखपट्टी खिशात घातली, कुणी पुढच्या आसनाच्या जाळीत कोंबली. माझाही हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

या थांबलेल्या हाताविषयीच आज लिहायचे आहे. मुखपट्टी लावावी की न लावावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु सक्ती उठल्यानंतर एखादी चांगली सवय समाजात टिकते की विरून जाते, यावरून राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील नात्याचा बराच अंदाज येतो. महासाथीच्या अडीच वर्षांत आपण काय शिकलो, याचाही.

आधी थोडा इतिहास. २४ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर निर्बंध लागू झाले. त्या कायद्याखालील आदेशांची मुदत ३१ मार्च २०२२ रोजी संपली. मुखपट्टी आणि हातांची स्वच्छता यांविषयीचा आरोग्य मंत्रालयाचा सल्ला मात्र कायम राहील, असे केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना कळवले होते. महाराष्ट्राने गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, २ एप्रिलपासून, सारे निर्बंध उठवले आणि मुखपट्टी ऐच्छिक केली. दिल्लीनेही त्याच सुमारास दंड रद्द केला.

परंतु दिल्लीची कथा तिथे संपली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये येथे मुखपट्टी न लावल्याचा दंड ५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर नेण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पुन्हा ५०० रुपये झाला. एप्रिलच्या प्रारंभी तो शून्यावर आला आणि तीन आठवड्यांत, रुग्णसंख्या वाढू लागताच, परत ५०० रुपये झाला. शेजारच्या हरियाणाने गुरुग्राम, फरिदाबाद, सोनीपत आणि झज्जर या चार जिल्ह्यांत, तर उत्तर प्रदेशाने राजधानी क्षेत्रातील जिल्ह्यांत आणि लखनऊत सक्ती परत आणली. ऑगस्टमध्ये दिल्लीला दंडाची पुन्हा एकदा आठवण झाली. अखेर ३० सप्टेंबरनंतर ही तरतूद संपली. या दोन वर्षांत दिल्लीकर नागरिक विषाणूविषयी काही शिकला असेल वा नसेल. आज दंड आहे की नाही, हे सकाळच्या वर्तमानपत्रात पाहण्यास मात्र शिकला.

नियमाचे शब्द आणि नियमाचा अर्थ

याला केवळ नागरिक जबाबदार आहेत, असे मी म्हणणार नाही. नियमच अनेकदा आपल्या अर्थापासून दूर गेले होते. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी मोटारीत एकटी व्यक्ती असली तरी मुखपट्टी आवश्यक आहे, असा निर्वाळा दिला. दुसरी लाट उसळत असतानाच्या त्या दिवसांत यामागची भीती समजण्यासारखी होती. परंतु हा नियम फेब्रुवारी २०२२ पर्यंत तसाच राहिला आणि शेवटी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने, असा विचित्र आदेश अजून का चालू आहे, असा प्रश्न दिल्ली सरकारला विचारला. त्या काळात मी स्वतः पाहिलेले एक दृश्य विसरता येत नाही. चौकात पोलीस बंद मोटारीतील एकट्या चालकाची पावती फाडत होते आणि पन्नास पावलांवर, दारे-खिडक्या बंद असलेल्या एका उपाहारगृहात, साठ-सत्तर माणसे मुखपट्टीविना जेवत होती. दोन्ही ठिकाणी नियमाचे पालनच होत होते, कारण जेवताना सूट होती.

विमानातही तेच. जून २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने कान उपटल्यानंतर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मुखपट्टी न लावणाऱ्या प्रवाशाला विमानातून उतरवण्याचे आणि बेशिस्त प्रवासी ठरवण्याचे आदेश दिले. पण खाण्याचे ट्रे आले की दीडशे मुखपट्ट्या एकाच वेळी उतरत. अमुक वेळी हवेचा धोका जास्त असतो आणि अमुक वेळी कमी, हे कुणी समजावून सांगितले नव्हते.

समजावून सांगणे कठीण होते, कारण तज्ज्ञांचेच मत बदलत होते. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. शिंकेतून उडणारे थेंब खाली पडतात, तेव्हा अंतर ठेवा आणि हात धुवा, हा तेव्हाचा मंत्र होता. बंद जागेत, हवा खेळती नसेल तर, श्वासातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण दीर्घकाळ तरंगत राहतात आणि दूरच्या माणसालाही बाधित करू शकतात, ही गोष्ट संघटनेने स्पष्टपणे मान्य करेपर्यंत २०२१ उजाडले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये एक सुटसुटीत पत्रक काढले होते. मोठे थेंब दोन मीटरपर्यंत पडतात, पण सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत वाहून जाऊ शकतात, असे त्यात सांगितले होते. खिडक्या उघडा, हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, हा त्यातील मुख्य सल्ला होता. माझ्या मते महासाथीतील ते सर्वांत उपयुक्त सरकारी पत्रकांपैकी एक होते. त्याची जाहिरात मात्र दंडाच्या फलकांइतकी झाली नाही.

सभागृहातील एक दुपार

आता माझ्या निर्णयाकडे येतो. तो निव्वळ धोरणात्मक नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

माझ्या पत्नीवर चार वर्षांपूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंड तिच्या थोरल्या बहिणीने दिले. शरीराने ते परके समजून नाकारू नये म्हणून तिला रोज सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, आयुष्यभर. अशा रुग्णांमध्ये लशीचा प्रतिसादही बहुधा क्षीण असतो. देशात २१९ कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या, याचा मला एक नागरिक म्हणून अभिमान आहे. पण घरात ज्या तीन मात्रा दिल्या गेल्या, त्यांचा भरवसा तिच्या डॉक्टरांनीच धरलेला नाही. ते म्हणाले, ‘‘लस झाली आहे असे समजून काळजी घ्या, आणि झाली नाही असे समजूनही घ्या.’’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दंड उठून काही दिवस झाले असताना, मी एका चर्चासत्राला गेलो होतो. सभागृह वातानुकूलित, खिडक्या नसलेले, शंभरेक माणसे. विषय, योगायोगाने, सार्वजनिक आरोग्यावरील खर्च हाच होता. मुखपट्टी लावलेला बहुधा मी एकटाच असेन. चहाच्या वेळी माझ्यापेक्षा वयाने ज्येष्ठ असलेले एक निवृत्त सनदी अधिकारी हसत म्हणाले, ‘‘अहो, अजून घाबरता? सरकारनेसुद्धा सोडून दिले!’’ भोवतीचे चार जण हसले. मीही हसलो आणि मुखपट्टी काढून खिशात ठेवली. उरलेले अडीच तास ती खिशातच होती.

चार दिवसांनी माझा घसा धरला. सातव्या दिवशी पत्नीला ताप आला. ती अकरा दिवस रुग्णालयात होती आणि त्याच दिवसांत दिल्लीत ५०० रुपयांचा दंड पुन्हा लागू झाल्याची बातमी मी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून वाचली. मूत्रपिंड वाचले, परंतु ते पूर्वीसारखे काम करत नाही.

संसर्ग त्या सभागृहातूनच आला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो भाजीवाल्याकडून आला असेल, मेट्रोतून आला असेल. मला सलते ते वेगळेच. माझ्याकडे माहिती होती, कारण होते, खिशात चांगली मुखपट्टी होती. कायदा मला आडवा येत नव्हता. कमी पडले ते चार माणसांच्या हसण्याला तोंड देण्याचे बळ. ज्या विषयावर मी वीस वर्षे लिहितो आहे, त्यातील एक प्राथमिक गोष्ट मला त्या दुपारी कळली : मुखपट्टी हा जितका आरोग्याचा विषय आहे, तितकाच लाजेचाही आहे.

बांगलादेशच्या गावांमधून

याच गोष्टीचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आपल्या शेजारी उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बांगलादेशातील सुमारे ६०० गावांमध्ये, तीन लाख चाळीस हजारांहून अधिक प्रौढांचा समावेश असलेला एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांत मोफत मुखपट्ट्या वाटल्या, त्या का लावायच्या हे सांगितले, इमाम आणि गावातील मान्यवरांनी स्वतः लावून दाखवल्या, आणि बाजारात कुणी विसरला तर स्वयंसेवकाने त्याला सौजन्याने आठवण करून दिली. दंड कुणालाही झाला नाही. मुखपट्टीचा योग्य वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. लक्षणे असलेला, रक्तचाचणीने सिद्ध झालेला संसर्ग एकंदरीत ९ टक्क्यांनी घटला. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशा मुखपट्ट्या वाटलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांमध्ये ही घट ३५ टक्के होती.

या आकड्यांचे दोन्ही अर्थ ध्यानात घ्यायला हवेत. मुखपट्टी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. ९ टक्के हा काही चमत्कार नाही. परंतु ज्या गावात निम्म्याहून अधिक लोक ती लावतच नव्हते, तिथेही वृद्धांना तिचा लाभ झाला. आणि मोबाइलवरील संदेश, पैशांचे आमिष वगैरे उपायांनी वापरात भर पडली नाही. भर पडली ती माणसाने माणसाला समोर येऊन आठवण केल्यामुळे. सभागृहात मला हसणारा एक माणूस भेटला. बांगलादेशच्या बाजारात आठवण करून देणारा भेटला. फरक एवढाच.

दुसऱ्यासाठी तोंड झाकण्याची कल्पना या देशाला परकी आहे, असेही नाही. जैनांमधील स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी शतकानुशतके मुहपत्ती बांधत आले आहेत. आपल्या बोलण्याच्या वाफेने हवेतील सूक्ष्म जिवांना इजा होऊ नये, हा तिचा हेतू. त्यांच्या लेखी ती दुर्बलतेची खूण नाही, संयमाची आहे. वैद्यकातील मुखपट्टीलाही शंभरावर वर्षे झाली. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-ते यांनी हा रोग श्वासातून पसरतो असे सांगून कापूस आणि जाळीदार कापडाच्या मुखपट्ट्यांचा आग्रह धरला. एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरने त्यांचे म्हणणे धुडकावले, मुखपट्टीविना रुग्ण तपासले आणि थोड्याच दिवसांत त्या डॉक्टरचा प्लेगनेच अंत झाला. उपहासाची किंमत तेव्हाही चुकवावी लागली होती.

गणवेश झालेली मुखपट्टी

सक्ती उठल्यावर दिल्लीत मुखपट्टी कुणाच्या तोंडावर दिसत होती, हे पाहिल्यास एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येई. ती दिसत असे वाढप्याच्या, सुरक्षारक्षकाच्या, माल पोहोचवणाऱ्या मुलाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या तोंडावर. जेवणारा मोकळ्या तोंडाने आणि वाढणारा झाकलेल्या तोंडाने! आमच्या वसाहतीच्या फाटकावर ‘घरकामगारांनी मास्क लावणे बंधनकारक’ ही पाटी ऑक्टोबरपर्यंत होती. रहिवाशांवरील बंधन एप्रिलमध्येच गेले होते. परस्परांच्या रक्षणाचे साधन असे सेवकवर्गाचा गणवेश झाले की त्याची प्रतिष्ठा जाते आणि मग कुणालाच ते नको असते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी मला सरळ विचारले होते, ‘‘भय्या, तुम्हाला माझ्यापासून भीती आहे की मला तुमच्यापासून?’’ तेव्हापासून आमच्या घरात नियम एकच आहे : ज्याला खोकला, त्याच्या तोंडाला मुखपट्टी, मग तो मालक असो की कामगार. आणि खोकला असेल त्या दिवसांची ताईंची पगारी रजा.

सक्ती परत आणावी, असे मी म्हणत नाही. तिचे तोटे खरे होते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळांमधून परतलेल्या लहान मुलांना शिक्षकाचा चेहरा दिसणे गरजेचे आहे. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिरांचे जग मुखपट्टीने मूक केले होते. मे महिन्याच्या उन्हात विटा वाहणाऱ्याला ती लावायला सांगणे हा क्रूरपणाच होता. मोकळ्या मैदानात, उद्यानात मी स्वतः आता ती लावत नाही. अपवाद नोव्हेंबरातील दिल्लीच्या धुराचा. नोव्हेंबर २०२२ च्या प्रारंभी येथील हवा इतकी बिघडली की प्राथमिक शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

परंतु सक्ती आणि सोडून देणे यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे आणि ती सरकारांनी रिकामी ठेवली आहे. तिथे चार गोष्टी करता येतील.

पहिली, रुग्णालये. बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी प्रत्येकाला मोफत मुखपट्टी मिळावी आणि ती लावण्याचा संकेत कायम राहावा. कारण केवळ करोना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील क्षयरोगाचा २८ टक्के भार एकट्या भारतावर होता. २०२५ पर्यंत क्षयरोग संपवण्याचे लक्ष्य आपण जाहीर केले होते. महासाथीच्या पहिल्या वर्षात नोंदल्या गेलेल्या क्षयरुग्णांची संख्या २४ लाखांवरून १८ लाखांवर घसरली. रोग कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. खोकणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्याशेजारी बसलेल्या गर्भवतीला एकाच बाकावर दोन तास बसवणाऱ्या देशाने मुखपट्टी अडगळीत टाकणे परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट हवेची. पाण्याची शुद्धता आपण तपासतो, खोलीतील हवेची नाही. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दाखवणारे छोटे यंत्र खोलीत इतरांनी सोडलेला श्वास किती साठला आहे, याचा ढोबळ अंदाज देते. शाळा, न्यायालये, सभागृहे येथे ते बसवणे अवघड नाही. तिसरी, आजारपणाची पगारी रजा. देशातील बहुसंख्य कामगार असंघटित आहेत. ताप असताना घरी थांबणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. त्यांना जबाबदारीचे प्रवचन देण्यात अर्थ नाही. चौथी, माहिती. साथ वाढते आहे की ओसरते आहे, हे साध्या भाषेत आणि नियमितपणे सांगितले, तर लोक छत्रीसारखी मुखपट्टी वापरतील : ढग दिसले की हाती, एरवी खुंटीवर.

माझा स्वतःचा नियम आता ठरला आहे. रुग्णालय, औषधाचे दुकान, गर्दीच्या वेळची मेट्रो, खिडक्या नसलेले सभागृह आणि विमान येथे मी मुखपट्टी लावतो, तीही नाका-गालांवर घट्ट बसणारी एन-९५. मला सर्दी असेल तर कुठेही लावतो. कुणी विनंती केली तर कारण न विचारता लावतो. आणि न लावणाऱ्याला उपदेश करत नाही. त्याच्या घरी काय आहे ते मला ठाऊक नसते, जसे माझ्या घरी काय आहे ते त्या निवृत्त अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते.

गुवाहाटीच्या त्या विमानात माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा होता. त्याला खोकला होता. थोड्या वेळाने त्याने संकोचून विचारले, ‘‘अंकल, आता सक्ती नाही ना?’’ मी म्हणालो, ‘‘नाही. पण माझ्या पत्नीचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे, म्हणून मी लावतो.’’ तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘तुमच्याकडे आणखी एक असेल का?’’ माझ्याकडे होती. त्याने ती लावली. तासाभराने खाण्याचे ट्रे आले, तेव्हा त्याने ती काढली आणि मग खिडकीला डोके टेकवून तो झोपी गेला. मुखपट्टी त्याच्या मांडीवरच राहिली. मी त्याला उठवले नाही. माझी तेवढी नाकावर नीट बसवली आणि डोक्यावरचा हवेचा झोत पूर्ण उघडला.

(लेखक दिल्लीस्थित असून सार्वजनिक आरोग्य धोरणाचे अभ्यासक आहेत.)